पोळ्याच्या आदल्या दिवशीचं तेल

छत्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला एक खोड लागते. जे वहीत नाही ते घडलंच नाही असं तो मानू लागतो. माझी बायको सुनंदा म्हणते, आमच्या लग्नाचा दाखला हरवला तर मी तिला ओळखसुद्धा दाखवणार नाही. असा हा मी, गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यातला निवृत्त पोस्टमास्तर, गेल्या डिसेंबरात राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, यवतमाळ जिल्ह्यात, एक जुनी गाडी बघायला गेलो.

कारण आधी सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी सुनंदाची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीन दिवस चिपळूणला डायलिसिस. जायला सव्वा तास, तिथं चार तास, यायला सव्वा तास. आमची जुनी गाडी खाऱ्या हवेनं इतकी खाल्ली होती की पायाखालच्या पत्र्यातून रस्ता दिसायचा. सुनंदा म्हणायची, "बरंय की, खड्डा आधी कळतो." मग जुलैत एकदा ती गाडी घाटात बंद पडली ती पडलीच. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाला उताणं झोपता येईना, श्वास पुरेना, चेहरा सुजलेला. मी फार घाबरलो. तेव्हापासून मला एवढीच एक गाडी हवी होती, जी आठवड्यातून तीनदा सुरू होईल आणि मध्ये कुठं थांबणार नाही.

नवी गाडी पेन्शनीत बसेना. आमच्याकडची जुनी घेणं म्हणजे गंज विकत घेणं. यवतमाळला माझे पोस्टातले जुने मित्र गुल्हाने राहतात. ते फोनवर म्हणाले, "आमच्या इकडल्या गाड्या उन्हात वाळतात, सडत नाहीत. बोरी अरबला एक गुरांचे डॉक्टर गाडी विकून राह्यले. माणूस सरळ आहे." सुनंदाचा भाचा आठवडाभराची रजा काढून, आपली गाडी घेऊन मावशीसाठी येऊन राहिला. त्या आठवड्यात मला गाडी घेऊन परतायचं होतं. आगगाडी आणि एसटी यांत जे दीड दिवस गेले त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की सकाळी उतरलो तेव्हा कानटोपी आणली नाही याचा पश्चात्ताप झाला. आमच्या समुद्रकाठी थंडी ही बातमीत ऐकायची गोष्ट असते.

यवतमाळ, तासाभरापुरतं

गुल्हान्यांनी स्टँडबाहेरच्या हॉटेलात नेलं आणि तर्री-पोहे मागवले. पोहे म्हटल्यावर मी ओळखीचं माणूस भेटल्यासारखा खूष झालो. आमच्याकडं पोह्यांवर खोबरं पेरतात. इथं पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक, तेलाचा तवंग आलेला रस्सा ओतला, पळीभर. पहिल्या घासाला उचकी लागली, दुसऱ्याला डोळे वाहू लागले. हॉटेलवाला काळजीनं जवळ आला. "काहून बाप्पा, कोनी गेलं का घरचं?" गुल्हाने हसत सुटले. मी मात्र प्लेट संपवली, कारण चव उत्तम होती. यवतमाळहून बोरीला जाणाऱ्या एसटीत बसेपर्यंत माझं नाक स्वच्छ झालं होतं.

बोरी अरब

सरकारी दप्तरात वसंतराव ढोके पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. लोकांच्या तोंडी मात्र डॉक्टर. साठीच्या पुढचा, उंच, वाकलेला माणूस. हात एवढे मोठे की माझा हात त्यात हरवला.

"या बाप्पा, या. पहिले पानी घ्या. गाडी कुठी पळून नाई जात."

गाडी अंगणात कडुनिंबाखाली होती, जुन्या सतरंजीखाली झाकलेली. पांढरी, पाच दारांची, अकरा वर्षांची. मी वर्तमानपत्र पसरून खाली शिरलो. खालच्या पत्र्यावर कंपनीचा रंग जसाच्या तसा होता. अकरा वर्षांच्या गाडीचं असं पोट मी जन्मात पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला गहिवरून आलं. बाहेर आलो तेव्हा पाठीला कापसाचे पुंजके चिकटले होते. त्या दिवसांत तिकडं वाऱ्यावरही कापूस असतो.

मग मी कागद मागितले. नोंदणी, विमा, धुराचा दाखला, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत व्यवस्थित होतं. मी एकेक कागद मोजला आणि विचारलं, "सर्व्हिसचं पुस्तक?"

"थे गेलं," डॉक्टर म्हणाले.

"गेलं म्हणजे? हरवलं?"

"गेलं म्हंजे गेलं."

त्यांच्या पत्नी कमलाबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, कप खाली ठेवले आणि आत गेल्या. पोस्टात असताना एखाद्या बचतखात्याचं पासबुक हरवलं असं कुणी सांगितलं की त्याच्या बायकोच्या चेहऱ्याकडं बघायची मला सवय होती. निम्मी चौकशी तिथंच व्हायची. इथंही काहीतरी आहे हे मी ताडलं.

"मग बिलं तरी असतील?"

"मुन्ना मिस्त्री बिल देत नाई. पन त्याले सारं याद हाय. गाडी जल्मली तवापासून त्याच्याच हातची. मी पांढरकवड्याले नोकरीत होतो ना. उद्या गाडी घेऊनच जाऊ, तुमीच चालवा. पाहून घ्या कशी चालते थे."

जेवायला कमलाबाईंनी सोल्याची भाजी केली होती. तुरीच्या ओल्या दाण्यांना तिकडं सोले म्हणतात. वांगी आणि सोले, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि तिच्यात खळगा करून ओतलेलं कच्चं तेल. मी आमच्या बागेतले दोन नारळ नेले होते. ते त्यांनी कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवले. आमच्या घरी ते तासाभरात खवणीवर गेले असते. जेवताना त्या आग्रह करत होत्या, हसत होत्या, कोकणात भात किती वेळा खाता म्हणून विचारत होत्या. पण मी पुन्हा पुस्तकाचा विषय काढला तशा त्या उठून भाकरी बघायला गेल्या, आणि चुलीवर भाकरी नव्हतीच.

पांढरकवड्याच्या वाटेवर

सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी बंद करून पुन्हा सुरू केली. असं पाच वेळा केलं. डॉक्टर शेजारी बसून शांतपणे बघत होते. "नाडी पाहून राह्यले का?" एवढंच म्हणाले.

दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, मध्ये तुरीच्या ओळी शेंगांनी वाकलेल्या. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले, भरलेल्या गाड्यांमधून उडून अडकलेले. यवतमाळ सोडल्यावर सागाचं जंगल आणि चढ-उतार लागले. मी चढावर गाडी मुद्दाम उभी करून हातब्रेक लावला. उतारावर मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. इंजिन न तापता, न कुरकुरता चालत होतं. गाडी चांगली होती आणि त्यामुळेच माझा संशय वाढत होता. इतक्या चांगल्या गाडीचं पुस्तक कोण कशाला हरवेल?

डॉक्टरांना घेऊन प्रवास करणं ही वेगळीच गोष्ट. दर पाच-सात किलोमीटरवर ते "थांबवा, थांबवा" म्हणायचे. मी घाबरून ब्रेक मारायचो. ते उतरून कुणाच्या तरी गायीकडं चालू लागायचे. तिचं तोंड उघडायचं, जीभ बघायची, पोटावर थाप मारायची, मालकाला दोन शिव्या आणि एक औषध सांगायचं, परत यायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हे चालूच होतं. येताना ते न चुकता बॉनेटवर तळवा ठेवायचे, तापलंय का बघायला. गायीच्या पाठीवर ठेवायचे तसाच.

"तेल कधी बदलत होता?" मी विचारलं.

"दर साली खांदशेकनीले."

मला कळलं नाही. आमच्याकडं पोळा नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना नाल्यावर धुतात, जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळून ते शेकतात आणि कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. "मले सालभर वाहून नेनारी हेच," डॉक्टर दाराच्या पत्र्यावर बोट वाजवत म्हणाले. "मंग म्हटलं, हिचंही त्याच दिवशी. मुन्ना त्या दिवशी दुसरी गाडीच नाई घेत."

मी गाडी चालवत होतो म्हणून लिहून घेता आलं नाही. पण मनात नोंद केली.

पांढरकवडा

नागपूर-हैद्राबाद हायवेवरचं हे गाव ट्रकांच्या आवाजात जगतं. मुन्ना मिस्त्रीचं गॅरेज एका चिंचेखाली. मिस्त्री स्वतः साठीला टेकलेले, पण मुन्नाच. त्यांनी आधी गाडीकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं, मग माझ्याकडं.

"विकता काय डॉक्टरसाब हिले?"

"आता कुठी फिरनं होते माझं?" डॉक्टर म्हणाले.

मी नवी कोरी वही उघडली, रेघा आखल्या. साल, काम, सुटे भाग. मिस्त्री मोठ्या उत्साहानं सांगू लागले. अडचण एकच होती. त्यांच्याकडं साल नावाची गोष्टच नव्हती. "कपाशीवर बोंडअळी आलती, थ्या साली क्लच." "माह्या पोरीचं लगन झालं, थ्या साली ब्रेकचे पॅड." "पूल वाहून गेलता ना, थ्या साली पुढचे दोन टायर आन् बॅटरी." मी प्रत्येक वेळी उलट तपासणी करून साल ठरवत होतो. मुलीचं लग्न कधी झालं हे सांगायला त्यांनी घरी फोन लावला, आणि बायकोशी त्यावरून वाद घातला. बायको जिंकली. मी साल खोडून पुन्हा लिहिलं. तास-दीड तासात अकरापैकी दहा ओळी भरल्या. टपाल खात्यातल्या कुठल्याही तपासनिसानं माझी पाठ थोपटली असती.

"ही एक राहिली," मी बोट ठेवलं. "तीन वर्षांपूर्वीची खांदशेकणी."

मिस्त्रींनी हात पुसायचं फडकं उचललं. डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर चिंचेकडं बघत होते.

"सांग मुन्ना," ते म्हणाले. "सांगून टाक."

"थ्या साली गाडी पोळ्यानंतर आली. टोचन करून. झरीहून." मिस्त्री हळू बोलत होते. "बैल आला होता समोर. डाव्या अंगाचं बॉनेट, लाइट, रेडिएटर, सारं गेलतं."

मी वही मिटली. मला भयंकर राग आला, आणि मी तो बोलूनही दाखवला. दोन दिवस मी पुस्तक मागतोय, आणि तुम्ही गेलं, गेलं करताय. ठोकलेली गाडी मला न सांगता गळ्यात मारायला निघालात. पुस्तकात ही नोंद सापडेल म्हणूनच ते गेलं ना? मिस्त्रींनी सुतळीचा गुंडा काढला. गाडी उचलून खाली चार ठिकाणी खूण केली आणि एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली. मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. "पाहा साहेब. वाकली असती तं सुतळी कमी-जास्त भरली असती. पत्रा गेलता, हाड नाई मोडलं." मी स्वतः दोनदा मोजलं. तसूभर फरक नव्हता. तरी माझं समाधान होईना.

बाजूला जाऊन सुनंदाला फोन लावला. सोमवार होता, ती डायलिसिसच्या पलंगावर होती. मागं यंत्राचा टकटक आवाज येत होता. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "माणूस खोटारडा आहे. मी परत निघतो."

"खोटं काय बोलला?" तिनं विचारलं.

मी विचार केला. खोटं असं तो काही बोलला नव्हता.

"आणि तुम्ही त्यांना सांगितलंत, गाडी कशाला हवी ते?"

"घरच्या वापरासाठी म्हणालो."

"म्हणजे तुमचंही एक पान कोरंच की," सुनंदा म्हणाली. "जा, सांगा त्यांना. माझी ओळख करून द्या." आणि नर्स ओरडते म्हणून फोन ठेवला.

मी परत आलो. मिस्त्रींनी चहा मागवला होता. चहा पिताना मी डॉक्टरांना सांगितलं. आठवड्यातले तीन दिवस, घाट, जुलैतली ती सकाळ. एरवी मी हे कुणाला सांगत नाही. ऐकून त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"मंग तुमाले अशी नाई देता येत गाडी," ते म्हणाले.

मला वाटलं व्यवहार मोडला. मघाशी मीच मोडायला निघालो होतो, आणि आता मीच मिटलेली वही पुन्हा उघडली.

"उद्या झरीकडं चला माझ्यासंगं. बिमार मानसाले बसवायची गाडी हाय. ज्यायचा बैल गेला त्यायले पहिले इचारलं पाह्यजे."

झरी जामणी

झरीकडचा रस्ता जंगलातून जातो. मधूनच कोरडवाहू शेतं, कापणी झालेली, काळी. गाड्या विरळ. डॉक्टर आज एकाही गायीसाठी उतरले नाहीत. एका वळणावर म्हणाले, "इथी." मी थांबवली. रस्ता होता, नाला होता, दुसरं काही नव्हतं. त्यांनी तिथंही बॉनेटवर हात ठेवला, आणि आम्ही पुढं निघालो.

कोलाम आदिवासींच्या वस्तीला तिकडं पोड म्हणतात. तीस-पस्तीस घरांचं पोड. अंगणं अशी सारवलेली की चप्पल घालून उभं राहायची लाज वाटावी. लक्ष्मीबाई टेकाम अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होत्या. पन्नाशीच्या असतील. डॉक्टरांना पाहून उठल्या, आणि मागं उभी असलेली गाडी पाहून तशाच थांबल्या.

"आनली का तिले," त्या म्हणाल्या.

"आनली," डॉक्टर म्हणाले. तीन वर्षांत ते इथं पाच-सहा वेळा येऊन गेले होते, दर वेळी एसटीनं किंवा कुणाच्या मोटारसायकलवर. गाडी घेऊन आज पहिल्यांदा.

मग लक्ष्मीबाईंनीच मला सगळं सांगितलं. डॉक्टर भिंतीला टेकून बसले होते. टेकामांच्या बैलाला, पाखऱ्याला, खांदशेकणीच्या दिवशी नाल्यावरून धुवून आणत होते. वस्तीवर डफडं वाजलं, तो बिचकला, दोर तोडून रस्त्यावर आला. "डॉक्टरनं गाडी दाबली, घासत आली, पन राह्यली नाई." पाखऱ्याचा मागचा पाय मोडला, आतूनही लागलं होतं. "हे मानूस रस्त्यावर बसला. बैलाचं डोकसं मांडीवर. आपल्या कपायातून रगत चाल्लं तं पुसे नाई. जेवढी औषदं होती थेवढी देल्ली." पोळ्याच्या दिवशी दुपारी, गावातले बैल तोरणाखाली उभे असताना, पाखऱ्या गेला. महिन्याभरात डॉक्टरांनी दुसरा बैल आणून दिला. तो गोठ्यात होता, धष्टपुष्ट. मी बघितला.

"आणि पुस्तक?" मी विचारलं. सवय कुठं जाते?

लक्ष्मीबाईंनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवून होकार दिला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्या भागात मारबत नावाचा पुतळा काढतात. घरोघरची ईडापीडा, रोगराई घेऊन जा म्हणत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायची. मोडलेली गाडी तेव्हा शिवेवरच उभी होती. लक्ष्मीबाईंची सासू त्या वेळी जिवंत होती. ती म्हणाली, बैल आमचा गेला, पण पीडा या गाडीसंगं आली. गाडीतलंही काहीतरी मारबतीसंगं जाऊ द्या, मगच गाडी हलवा. असा काही नियम नव्हता. पण म्हातारीपुढं कोण बोलणार, आणि डॉक्टरांना तर तिनं काहीही मागितलं असतं तरी द्यायचं होतं. कुणी म्हणालं आरसा काढा, कुणी म्हणालं हॉर्न. डॉक्टरांनी समोरचा कप्पा उघडून पुस्तक काढलं.

"मी म्हटलं, हेच तिची कुंडली हाय," डॉक्टर म्हणाले. "जल्मापासूनचं सारं याच्यात लिवलं हाय. आरसा देऊन काय होते? द्यायचं तं हे द्या."

सर्व्हिस पुस्तक ही गाडीची कुंडली, हे मी स्वतः लोकांना कितीदा सांगितलंय. पण ती कुंडली आहे म्हणून तीच शिवेबाहेर टाकायची, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

"मंग तुमी घरी इचारता, पुस्तक कुठी हाय. काय सांगू?" डॉक्टर म्हणाले. "मारबतीसंगं गेलं त्याचं नाव घेत नाई. बायको तं उठूनच जाते."

"पण बैलाचं सांगायचं होतं," मी म्हणालो.

"होय," ते म्हणाले. "थे सांगाले पाह्यजे होतं. तोंड नाई उघडलं माझं."

म्हणजे दोन दिवस मी या माणसाच्या घरात, ओसरीवर, भर जेवणात, ती पीडा परत बोलावत होतो. आणि कमलाबाई मला सोल्याची भाजी वाढत होत्या. मला शरम वाटली. राग थोडा शिल्लक होता, तोही गेला.

लक्ष्मीबाईंनी विचारलं, गाडी कुणासाठी. मी सांगितलं. यंत्र वगैरे त्यांना सांगावं लागलं नाही. पोडावरचा एक जण त्याच आजारानं गेला होता, त्याला तालुक्याला न्यायला वेळेवर गाडी मिळाली नव्हती. त्या उठल्या. गाडीजवळ गेल्या. डाव्या बाजूच्या बॉनेटवर, जिथं नवा पत्रा बसवला होता तिथं, थोडा वेळ हात ठेवून उभ्या राहिल्या.

"न्या," त्या म्हणाल्या. "बाईले बसवा हिच्यात. आमचं काई नाई राह्यलं हिच्यावर."

डॉक्टर तोंड फिरवून जोरात नाक शिंकरू लागले. लक्ष्मीबाईंनी निवडलेल्या शेंगांचं गाठोडं बांधून मागच्या सीटवर ठेवलं. "शिजवून खा म्हना, मीठ टाकून." सुनंदाला मीठ वर्ज्य आहे. मी मान डोलावली.

गाडी मी घेतली. सुतळी मी स्वतः मोजली होती, दोन दिवस स्वतः चालवली होती. आणि जो माणूस बैल गेला म्हणून गाडीची कुंडली देऊन बसतो, तो क्लचबद्दल मला फसवेल असं वाटेना. निघताना डॉक्टरांनी सतरंजीही दिली.

घरी

बोरीहून घरापर्यंत आठशेच्या वर किलोमीटर. वाटेत पंक्चरसुद्धा झालं नाही, म्हणून लिहिण्यासारखं काही नाही. शेंगा सुनंदानं मिठाशिवाय उकडल्या आणि कौतुकानं मोजून पाच खाल्ल्या. वही तिनं पहिल्या पानापासून वाचली. कोरी ओळ दिसल्यावर माझ्याकडं बघितलं.

"ते गेलं," मी म्हणालो. पुढं सगळं तिला सांगितलं, आणि आता इथंही सांगून बसलोय. पण त्या ओळीत मी अजून काही लिहिलेलं नाही.

गाडी आठवड्यातून तीनदा सुरू होते. मध्ये थांबत नाही. ऐन पावसात, झाड पडून रस्ता अडला तेव्हाही, आम्ही वळसा घालून वेळेत पोचलो. डॉक्टरांचा फोन येतो. पहिली दोन मिनिटं ते गाडीची प्रकृती विचारतात आणि पुढची वीस मिनिटं सुनंदाशी बोलतात.

या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. "तेल बदललं का?" डायलिसिसचा दिवस होता; तिथल्या चार तासांत मी बदलून घेतलं. चिपळूणच्या मिस्त्रीला आजच का ते सांगायचं मी टाळलं, कारण त्यानं आम्हाला वेड्यात काढलं असतं. दुपारी परतल्यावर सुनंदा एरवी दोन तास निपचित झोपते. त्या दिवशी आडवी न होता ती स्वयंपाकघरात गेली, आणि वाटीत कोमट तूप-हळद घेऊन बाहेर आली. मी पडवीत बसलो होतो.

"बॉनेटला लावू नकोस," मी म्हणालो. "रंग डागाळेल."

"गाडीला कोण लावतंय?" ती म्हणाली. "सदरा काढा."

मी काढला. तिच्या डाव्या हाताला सकाळच्या सुयांवरची पट्टी होती, म्हणून ती उजव्या हातानं चोळत होती. आधी एक खांदा, मग दुसरा. स्टिअरिंग धरून माझे खांदे गेले वर्षभर धरलेले आहेत, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मग तिनं वाकून माझ्या कानात म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," आणि स्वतःच हसायला लागली. मला हसता आलं नाही.

संध्याकाळी वहीत तारीख घातली आणि तेल बदलल्याची नोंद केली. दुसऱ्या गोष्टीची नोंद केली नाही.